एकाच फाईलीत

सोमवारी सकाळी पावणेदहाला तिनं संगणक चालू केला तेव्हा तिची फाईल जागेवर नव्हती. तिच्या जागी सहा फाईली होत्या. सहाही नावं ओळखीची, तिनंच ठेवलेली. पिशवी, थांबा, जुळणी, वाटप, परत, नोंद. पण ही नावं एका फाईलीच्या पोटात असायची, एकाखाली एक, आणि बाहेरून दिसायचं ते एकच नाव, रक्तसाठा. संगणकाच्या पर्ल या भाषेत तसं करता येतं. एका फाईलीत हवी तेवढी पॅकेजेस, म्हणजे कामांचे वेगवेगळे कप्पे, मांडायची, प्रत्येकाला आपापले कंस, आपापलं काम. चौदा वर्षांपूर्वी तिनं तसं मांडलं होतं, आणि इस्पितळाच्या रक्तपेढीतून वॉर्डांत गेलेली प्रत्येक पिशवी तेव्हापासून त्या फाईलीतून गेली होती. आता कोणीतरी सुट्टीच्या दिवशी बसून ती कापली होती. कापणाऱ्याचा हात चांगला होता. ओळी सरळ, जागा नेटकी सोडलेली, आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी तो एकटा एकाचा आकडा, जो नसला तर पर्ल फाईल दारातूनच परत पाठवते. एकाचे सहा एक झाले होते. तिनं एकेक उघडून मिटली. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं विचारलं, "काय झालं ताई?" ती म्हणाली, "काही नाही," आणि उगाचच टेबलाचा खण उघडून बंद केला.

खिडकीपाशी उभं राहून तिनं स्वतःला विचारलं, आपण चिडलोय ते कशाला? फाईल कापली म्हणून, की आपली कापली म्हणून? उत्तर तिला आवडलं नाही. नव्याने येणाऱ्यांना ती स्वतःच शिकवायची की एका फाईलीत एकच पॅकेज ठेवावं, फाईलीचं आणि पॅकेजचं नाव एकच असावं, म्हणजे शोधणाऱ्याला सापडतं. रक्तसाठ्याच्या आत 'वाटप' आहे हे ज्याला ठाऊक नाही त्यानं 'वाटप' नावाची फाईल शोधावी आणि पर्लनं त्याला 'अशी फाईल नाही' म्हणून सांगावं, हे कितीदा झालं होतं. मुलं हसत हसत यायची आणि म्हणायची, ताई, तुमच्या घरात कोण कोण राहतं याची पाटी तरी लावा दाराला. तिनं पाटी लावली नव्हती. आज लावू, उद्या लावू करत चौदा वर्षं गेली. पाठीमागे तिला सगळे पर्लवाली म्हणत, हेही तिला माहीत होतं. इस्पितळातलं बाकी सगळं दुसऱ्या भाषांत गेलं होतं, ही एक फाईल उरली होती, आणि माणूस चोपन्नाव्या वर्षी आपल्या उरलेल्या एका गोष्टीवर जीव टाकतो, त्यात विशेष काय? पण सहा पॅकेजेस तिनं एकत्र का ठेवली होती? काहीतरी कारण होतं. हौस म्हणून नव्हतं ठेवलं. कारण आठवेना. एखाद्या माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर असावा आणि नाव तोंडात येऊ नये, तसं ते कारण तिच्याभोवती हिंडत राहिलं.

अकराला संगणक विभागाच्या नव्या साहेबांनी बोलावलं. साहेब येऊन चार महिने झाले होते. माणूस वाईट नव्हता, फक्त प्रत्येक गोष्ट झाली आहे असं ऐकायची घाई असलेला. शेजारच्या खुर्चीत बाहेरून नेमलेला सल्लागार, पस्तिशीचा, बोटांची नखं दातांनी कुरतडलेली.

"बसा," साहेब म्हणाले. "बघितलंत ना? कसं मोकळं मोकळं झालंय."

"मॅडम, कामाच्या भागाला हात लावलेला नाही," सल्लागार म्हणाला. "फक्त वेगळं केलंय. एकशे बारा चाचण्या आहेत, सगळ्या पास."

"हे चालू कधीपासून आहे?"

"कालपासून. एक तक्रार नाही."

"मला विचारलं नाहीत."

"अहो, रविवारी कशाला तुम्हाला त्रास," साहेब म्हणाले आणि एक कागद पुढे सरकवला. मूळ लेखकाने सर्व बदल तपासले असून ते योग्य आहेत. खाली रेघ, रेघेखाली तिचं पद. कागदाला छपाईचा ताजा वास होता.

"मी वाचलेलं नाही अजून."

"औपचारिकता आहे हो. तुमची फाईल होती म्हणून तुमची सही. मानाची आहे ती."

"वाचल्याशिवाय मी सही करत नाही."

"ताई, एवढीशी सही."

"मग तुमचीच करा," ती म्हणाली. "एवढीशीच आहे."

सल्लागारानं खाली बघितलं. साहेब हसले, पण हसू ओठांवरच राहिलं. "उद्या दुपारपर्यंत वाचा," ते म्हणाले. "उगाच अडवून धरू नका. लोक म्हणतात, जुन्यांना बदल सोसत नाही. मी म्हणतो, तसं नाहीये. मला खोटं पाडू नका."

दिवसभर तिला वाचता आलं नाही. बाह्यरुग्ण विभागातला छपाईचा घोळ, दोन फोन, एक बैठक, आणि मधल्या वेळात ती पडद्यावरच्या ओळींकडे नुसती बघत बसली. ओळी तिच्याच होत्या आणि तरी परक्या वाटत होत्या. साडेपाचला तिनं पर्स उचलली आणि ती घरी गेली. सगळे जातात तशी, वेळेवर. पुढे कितीतरी दिवस तिला या साडेपाचचंच सर्वांत जास्त लागत राहिलं.

घरी ती आणि आई, दोघीच. आईला ब्याऐंशी पूर्ण. आई परिचारिका होती, या इस्पितळात नाही, दुसऱ्या एका, आणि तिची गोष्ट घरात पुन्हा पुन्हा सांगितली गेली होती, पण आईच्या तोंडून कधीच नाही. वॉर्डातल्या ऑक्सिजनच्या नळकांड्या तपासल्या अशी वहीत सही करायची होती. आईनं त्या तपासल्या नव्हत्या, कारण तपासायची किल्ली तिला कोणी दिली नव्हती. मेट्रन म्हणाली, करून टाका, सगळ्या करतात. आईनं केली नाही. मग आईची बदली धुलाईत झाली. तीन वर्षं. तेव्हा ती दहा वर्षांची होती आणि शाळा सुटल्यावर डबा घेऊन धुलाईत जायची. वाफेनं भरलेली ती लांबलचक खोली, सोड्याचा नाकाला झोंबणारा वास, चादरींच्या डोंगरांमधून डोक्याला फडकं बांधलेली आई बाहेर यायची, हात लाल, बोटं सुरकुतलेली. पांढरा गणवेश गेला होता, टोपी गेली होती. वर्गातल्या मुलींना ती सांगायची, माझी आई नर्स आहे, आणि लगेच विषय बदलायची. वडील जेवताना म्हणायचे, "एक सही तर होती." ओरडून नाही, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं म्हणायचे. आणि ती, ताटाकडे बघत, मनातल्या मनात वडिलांच्या बाजूची व्हायची. एक सही तर होती. तिनं स्वतः नोकरीत आल्यावर अशा कितीतरी सह्या केल्या होत्या. न पाहिलेल्या यंत्रांच्या, न झालेल्या प्रशिक्षणांच्या, हजर नसलेल्या बैठकांच्या. काही बिघडलं नव्हतं. निदान तिला कळेल असं काही नाही.

आईच्या पायाला तेल लावता लावता तिनं विचारलं, "आई, तुला कधी वाटलं का गं, सही करून टाकायला हवी होती?"

"कशावर?"

"त्या नळकांड्यांच्या वहीवर."

आई विचारात पडली. कपाळावर आठ्या आल्या, मग विरल्या. "कुठली वही?"

"तीन वर्षं धुलाईत होतीस ना, त्याच्यामुळे."

"धुलाईत छान होतं," आई म्हणाली. "ऊब असायची. आणि तू यायचीस."

ती तेलाची वाटी उचलून आत गेली. ज्या गोष्टीची लाज तिनं चव्वेचाळीस वर्षं बाळगली, ती गोष्ट जिची, तिच्याकडे ऊब तेवढी शिल्लक होती. मोरीत हात धुताना तिला एकदम राग आला. कोणाचा ते नेमकं सांगता आलं नसतं. मेट्रनचा, वडिलांचा, ताटाकडे बघणाऱ्या त्या दहा वर्षांच्या शहाण्या मुलीचा. पण राग चांगला होता, स्वच्छ होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठली तेव्हाही तो होता तिथंच होता.

मंगळवारी ती आठलाच कार्यालयात पोचली. झाडूवाली अजून खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवत होती. तिनं पडद्याचे दोन भाग केले, एका बाजूला जुन्या फाईलीची जपून ठेवलेली प्रत, दुसऱ्या बाजूला नव्या सहा, आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. अगदी वरच, कुठल्याही पॅकेजच्या कंसात शिरायच्या आधी, जुन्या फाईलीत एक ओळ होती. थांबवलेल्या, म्हणजे शंका आल्यामुळे कुणाला द्यायच्या नाहीत अशा, पिशव्यांची यादी. तिच्याआधी पर्लचा तो छोटा शब्द, माय, इंग्रजीतला 'माझं'. त्यावरून ती नव्या मुलांना सांगायची की माय म्हटलं की फाईल हेच घर, ती गोष्ट घरातल्या सगळ्यांना दिसते आणि घराबाहेर कुणालाच नाही. ती ओळ वाचली आणि कालपासून भोवती हिंडणारं कारण समोर येऊन उभं राहिलं. चौदा वर्षांपूर्वी ही यादी उघड्यावर होती. कुठल्याही दुसऱ्या फाईलीला तिला हात लावता यायचा, आणि एकदा अहवाल काढणाऱ्या कुणाच्या तरी किरकोळ कामानं ती अख्खी पुसली गेली. कुणाला अपाय झाला नव्हता, कारण रक्तपेढीतल्या एका म्हाताऱ्या तंत्रज्ञाला नंबर पाठ होते. त्यानंतर तिनं ठरवलं की ज्यांना ही यादी लागते त्या सगळ्या पॅकेजेसना एकाच फाईलीत आणायचं आणि यादी त्यांच्यामध्ये, बाहेरच्याचा हात पोचणार नाही अशी ठेवायची. एक यादी, सगळ्यांना तीच. हे कुठं लिहून ठेवलं नव्हतं. एका ओळीची टिप्पणीसुद्धा नाही. तिला वाटलं होतं, वाचणाऱ्याला कळेलच.

नव्या सहा फाईलींत ती ओळ सहा वेळा होती. सल्लागारानं प्रत्येक तुकड्याला तिची एकेक प्रत दिली होती. वेगळं केल्यावर प्रत्येक पॅकेज 'यादी कुठाय' म्हणून रडायला लागलं असणार, आणि त्यानं सगळ्यांना सारखं दिलं. रोज पहाटे ही संगणक-सेवा सुरू झाली की सहाही प्रती माहितीच्या भांडारातून भरायच्या, म्हणून सुरुवातीला सहाही सारख्या. त्यामुळेच चाचण्या पास. पण त्यानंतर दिवसात एखादी पिशवी थांबवली, तर ती 'थांबा'च्या यादीत जाणार आणि 'वाटप' आपल्याच जुन्या यादीत बघणार. तिथं नाव नाही म्हणजे पिशवी मोकळी. दुसऱ्या दिवशी पहाटे सेवा पुन्हा सुरू होईपर्यंत. तिनं हे दोनदा वाचलं. मग तिला काल आठवला, कालचा अख्खा दिवस, आणि तिचं साडेपाच.

रक्तपेढी तळमजल्यावर होती. ती जिन्यावरून धावली, कित्येक वर्षांत धावली नव्हती. रक्तपेढीच्या डॉक्टरीणबाई नुकत्या येऊन अंगात पांढरा कोट घालत होत्या.

"रविवारपासून किती पिशव्या थांबवल्या?"

"का हो?"

"आधी सांगा. मग सांगते."

डॉक्टरीणबाईंनी वही काढली. तीन, तिन्ही कालच्या. दोन कपाटातच होत्या. तिसरी शनिवारी रक्त दिलेल्या एका शिक्षकाची. त्यानं काल दुपारी फोन करून कळवलं होतं की घरी गेल्यावर ताप भरला, उतरत नाही. पिशवी तीन वाजता थांबवली होती. संध्याकाळी सहा चाळीसला ती वाटली गेली होती. प्रसूती विभाग.

"असं होऊच शकत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "थांबवलेली पिशवी तुमचा संगणक देतच नाही. म्हणून तर आम्ही निवांत असतो."

"काल तो माझा नव्हता," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाई पुढचं ऐकायला थांबल्याच नाहीत. फोन त्यांच्या कानाला होता. प्रसूती विभागातल्या सिस्टरनं जाऊन बघून यायला जेवढा वेळ घेतला तेवढ्यात ती शीतकपाटाच्या काचेला पाठ लावून उभी होती आणि यंत्राची घरघर तिच्या पाठीच्या कण्यात उतरत होती. तिला काही सुचत नव्हतं. फक्त एक बाई, जिचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं, खाटेवर आडवी, हाताला नळी, एवढंच डोळ्यांसमोर येत होतं आणि ते पुसता येत नव्हतं.

"आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. "त्यांच्या फ्रिजमध्ये आहे. रक्तस्राव थांबला म्हणून चढवली नाही. आज सकाळी चढवणार होते."

ती तिथल्याच संगणकासमोर बसली. साहेब दुसऱ्या इमारतीत बैठकीत होते, फोन बंद. बदल करायचा तर त्यांची लेखी परवानगी लागायची, तो नियम त्यांनीच केला होता आणि एरवी तो चांगलाही होता. तिनं नव्या सहा फाईली बाजूला काढल्या, जुनी फाईल जागेवर ठेवली आणि सेवा पुन्हा सुरू केली. डॉक्टरीणबाईंनी कपाटातली एक पिशवी थांबवून लगेच वाटून बघितली. पडद्यावर लाल अक्षरं आली, देता येणार नाही. नऊ वाजून बारा मिनिटं झाली होती. कोणी केलं या रकान्यात तिनं आपलं पूर्ण नाव घातलं.

दुपारी साहेबांच्या खोलीत तिघंच होती. साहेबांचा आवाज चढला नव्हता, उलट नेहमीपेक्षा खाली होता.

"चूक होती, मान्य. ती एक ओळ दुरुस्त करता आली असती. तुम्ही अख्खं काम उलटवलंत. परवानगी न घेता, चालू यंत्रणेत, सकाळच्या गर्दीत. उद्या प्रत्येकजण असंच करील."

"प्रत्येकानं करावं की नाही ते मला माहीत नाही. मी केलं."

"मला लेखी माफी लागेल. फाईलीत लावायला. आणि पुढच्या सोमवारपासून तुम्ही मदत कक्षात, फोनवर. शिक्षा म्हणून समजू नका."

"शिक्षाच आहे," ती म्हणाली. "म्हणा की तसं."

सल्लागार म्हणाला, "साहेब, चूक माझी आहे. बदली करायची तर..."

"तुम्ही बाहेरचे," साहेब म्हणाले. "तुमची बदली कुठं करू?"

ती जागेवर येऊन कोरा कागद घेऊन बसली. माफीचा मजकूर कसा असतो ते तिला पाठ होतं, दुसऱ्यांसाठी तिनं चार-पाच लिहून दिले होते. झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे, पुन्हा असे होणार नाही. पेन टेकवलं आणि पहिल्या शब्दालाच तिला कळलं की दिलगीर ती आहे, खरोखरच आहे, पण सोमवारी साडेपाचला पर्स उचलल्याबद्दल, चौदा वर्षं ती एक टिप्पणी न लिहिल्याबद्दल. मंगळवारी नऊ बाराबद्दल नाही. मग तिनं तसंच लिहिलं. थांबवलेल्या पिशव्यांची यादी सर्व पॅकेजेसना एकच हवी म्हणून ती एका फाईलीत ठेवली होती, हे मी लिहून ठेवले नाही, त्याबद्दल क्षमा मागते. सोमवारी बदल न वाचता घरी गेले, त्याबद्दल क्षमा मागते. मंगळवारी परवानगी न घेता जुनी फाईल चालू केली. तशी वेळ आली तर पुन्हा करीन. खाली सही.

साहेबांनी कागद वाचला, उलटून मागची बाजू बघितली, पुन्हा वाचला. "याला माफी म्हणतात?"

"तुम्ही लेखी मागितलंत. माझ्याकडे एवढीच आहे."

"मी हे वर पाठवलं तर तुमचंच नुकसान आहे."

"पाठवा. वरच्यांनी ते तीन रकाने वाचावेत. तीन वाजता थांबवली, सहा चाळीसला दिली, नऊ बाराला जुनी फाईल परत आणली."

कागद वर गेला नाही. बदली मात्र झाली. आठवड्यातले उरलेले दिवस ती आणि सल्लागार एकाच पडद्यासमोर बसले. त्यानं विचारलं, "सगळीच सहा एकत्र हवीत का?" तिला पटकन हो म्हणायचं होतं. तिनं वाचून बघितलं. 'परत' नावाचं पॅकेज, वॉर्डातून न वापरता आलेल्या पिशव्यांचं, त्या यादीला कधी शिवतच नव्हतं. चौदा वर्षं ते उगाच त्या घरात राहिलं होतं. "हे तुमचं बरोबर आहे," ती म्हणाली आणि त्याला वेगळी फाईल दिली. उरलेली पाच एकत्र राहिली. फाईलीच्या अगदी वर तिनं आत कोण कोण आहे ते लिहिलं आणि खाली त्याच्याकडून लिहून घेतलं की यादीच्या प्रती करून ही फाईल तोडू नये, एकदा तोडली होती, आणि तेव्हा काय झालं. "तुमच्या नावानं लिहा," ती म्हणाली. त्यानं कुरतडलेल्या नखांनी आपलं नाव टाईप केलं, मग तारीख घातली. त्यावर साहेबांनी एका फाईलीत एक पॅकेज या नियमाला अपवाद म्हणून शिक्का दिला, तोही तिच्याकडे न बघता.

मदत कक्ष म्हणजे तळमजल्यावरची बिनखिडकीची खोली, एक टेबल, दोन फोन आणि चाकं लंगडी असलेली खुर्ची. चोवीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला तिथं बसवलं की येणारेजाणारे दारातून डोकावतात, आणि पहिल्या सोमवारी बरेच डोकावले. काहींनी कीव केली, एकानं नुसतंच "हं" केलं. तिनं खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली, म्हणजे चाकं फिरत नव्हती. साडेदहाला फोन वाजला. शस्त्रक्रिया विभागातून कोणी डॉक्टर होता, आवाजात घाई, मागे ताटं आपटल्यासारखे आवाज.

"तुमच्या संगणकाचं डोकं फिरलंय. रक्तपेढीच्या कपाटात पिशवी आहे असं पडद्यावर दिसतेय, आमच्या गटाची आहे आणि हा म्हणतो देता येणार नाही. जरा काढा तो अडसर."

तिनं नंबर विचारला. पडद्यावर बघितलं. सकाळी नऊ पन्नासला थांबवलेली.

"ही मिळणार नाही," ती म्हणाली. "त्याच गटाची दुसरी आहे, मधल्या फळीवर. नंबर लिहून घ्या."

"अहो, मला हीच समोर दिसतेय. मी लेखी देतो, माझ्या जबाबदारीवर सोडा."

"नाही."

"नाही म्हणजे? कोण बोलतंय?"

तिनं फोन दुसऱ्या कानाला घेतला, त्याला ऐकू जाईल अशा बेतानं आपलं नाव सांगितलं आणि दुसऱ्या पिशवीचा नंबर एकेक आकडा सुटा करून दोनदा वाचला.